घडी

पाणी रात्री दोनला आलं, पाचव्या दिवशी.
नरसम्माने पत्रा वाजवला, "अक्का, नळ!"
उठले. म्हणजे जागीच होते.
पिंप, हंडे, बादल्या,
शेवटी तुमची तांब्याची कळशी,
सवयीनं.
भरून झाल्यावर कळलं.

जानेवारीत तुम्ही गेलात तेव्हा
दवाखान्याच्या खिडकीतून गड्ड्याचा पाळणा दिसत होता,
दिवे लावून गरगर फिरत.
नर्सनं पडदा ओढला.
पडद्यावरही तो थोडा वेळ फिरला.

मग लोक आले शांतवन करायला.
रडू नका, म्हणाले, आपल्याला आशा आहे.
चाळीस वर्षांत मी तुमचं नाव घेतलं नाही
आणि घरात जो तो तेच घेत होता:
देव तुमचं शांतवन करो.
करो.
पण माझं शांतवन तर आदल्या दिवशी मातीत ठेवलं,
पाळकसाहेबांनी मूठ टाकली, मी टाकली,
कोरडी, खड्यांची माती,
पेटीवर वाजली.

रडू नका कसं?
बागेत ती मरिया रडतच होती की.
त्यानं तिला गप्प केलं नाही,
कारण विचारलं,
मग नावानं हाक मारली.
मला अजून कुणी कारण विचारलेलं नाही.
विचारलं तर सांगीन:
कडक भाकरी मोडल्याचा आवाज
आता ताटाच्या एकाच बाजूनं येतो.

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
सव्वीस वर्षं तुम्ही टॉवेलच्या घड्या घातल्या.
तीनात एक, मग मधोमध, कड आत.
घरीसुद्धा तसंच. मी घातलेली घडी
न बोलता उलगडून पुन्हा घालायचात.
मला राग यायचा. खरंच यायचा.

आणि ईस्टरला वाचन झालं की तुम्ही
दरवर्षी त्या एकाच जागी अडायचात:
कबर रिकामी, तागाची वस्त्रं पडलेली,
तोंडावरचा रुमाल मात्र बाजूला, घडी केलेला.
"देवदूत राहू द्या," म्हणायचात,
"आधी ही घडी बघा.
चोर घडी घालत नाही.
घाबरून पळणारा घालत नाही.
हे काम सकाळी उठून
कामावर निघालेल्या माणसाचं."
सगळे हसायचे. मीही.

आज पहाटे त्या बायांसारखीच निघाले,
पिशवीत मेणबत्ती, काडेपेटी, चुन्याचा डबा.
कबरस्तानात चार वाजताही दगड तापलेलेच,
कालचं ऊन अजून आत धरून.
मंडळी गायली. पाळकसाहेब म्हणाले, तो उठला आहे.
खरोखर उठला आहे, आम्ही म्हणालो,
माझाही आवाज त्यात होता,
शेवटच्या शब्दाला फाटला.
तुमच्या मातीवर काहीच हललं नाही.
एक मुंगळा वर आला, परत गेला.
मेणबत्ती दोनदा विझली. तिसऱ्यांदा
शेजारच्या कबरीवरची बाई
हाताचा आडोसा धरून बसली, उजाडेपर्यंत.
तिचं कोण होतं, विचारायचं राहिलं.

घरी आले तर नरसम्मा दारात,
तिची मोटार जळाली, पिंप अर्धंच भरलं.
तुमची कळशी उचलून दिली.
ती म्हणाली, "सणाच्या दिवशी तुम्हीच देता!"
मी म्हटलं, दोघांचं भरलंय, ने.

मग कपाट उघडलं.
त्या सकाळी अंघोळ करून
तुम्ही घडी घालून ठेवलेला निळा टॉवेल.
तीन महिने हात लावला नव्हता.
आज उलगडला.
तुमचा वास येईल वाटलं होतं.
साबणाचा आला.
तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं.

पुन्हा घातली घडी,
तीनात एक, मग मधोमध.
कडा जुळल्या नाहीत.
दोनदा करून बघितलं.
ठेवलाय तसाच, वरच्या फळीवर, वाकडा.

तुम्ही उठाल त्या सकाळी
तेवढा नीट करा.
मी रागावणार नाही.